दाखला कोणता मागायचा?

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एका आईचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा स्वयंअर्थसहाय्यित सेमी-इंग्रजी शाळेत चौथीत शिकतो. आजीने एकदा सांगितलेली गोष्ट तो आठवड्यानंतरही जशीच्या तशी सांगतो आणि तोंडी हिशोब बिनचूक करतो. पण वाचायला बसला की ‘घर’चे ‘धर’ होते, ‘भात’चा ‘मात’ होतो, वेलांट्या गळतात, जोडाक्षर आले की तो थबकतो, आणि फळ्यावरचे उतरवून होण्याआधी फळा पुसला जातो. सहामाही परीक्षेनंतर मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून तोंडी सांगितले की एक तर मुलाजवळ दिवसभर बसणारी ‘शॅडो टीचर’ स्वखर्चाने नेमा, नाही तर वर्षअखेरीस दाखला काढून त्याला ‘त्याच्यासारख्या मुलांच्या’ शाळेत घाला. मुलाच्या प्रगतीची जबाबदारी शाळेवर राहणार नाही, अशा मजकुराच्या हमीपत्रावर सहीही मागितली आहे. एका समुपदेशक बाईंनी ‘अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणे) असू शकते, तपासून घ्या’ असे सुचवले. परंतु दिव्यांगत्वाचा दाखला घेण्यास वडिलांचा आणि आजीचा ठाम विरोध आहे. वडील म्हणतात, ‘मलाही चौथीपर्यंत वाचता येत नव्हते, पुढे आपोआप आले.’ अमेरिकेत राहणाऱ्या नणंदेने कळवले आहे की ‘आयईपी’ (मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) करून देणे शाळेला कायद्याने भागच असते. आणि परवा मुलाने विचारले, ‘आई, मी ढ आहे का?’ शाळेने आजवर सांभाळून घेतले, आता वाद न घालता दाखला काढावा का, आणि आमच्या हाती खरोखर कोणते हक्क आहेत, असे या आईने विचारले आहे.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात ‘दाखला’ हा शब्द दोन वेगवेगळ्या कागदांसाठी आला आहे, आणि तुमच्या घरातला सगळा पेच मला त्या दोन कागदांत दिसतो. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला तुम्ही मनाने जवळजवळ तयार झाला आहात, कारण त्यात भांडण नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची मात्र घरात सर्वांना धास्ती आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पहिला दाखला अर्ज करून घेतलात की या शाळेकडे मागण्यासारखे तुमच्याजवळ काही उरत नाही. दुसऱ्या दाखल्याने तुमच्या मुलाचे काहीही कमी होत नाही आणि पुढच्या नऊ वर्षांत त्याचा अनेकदा उपयोग होऊ शकतो.

‘शाळेने आजवर सांभाळून घेतले’ हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. जवळजवळ प्रत्येक पालक ते म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातील एकवीस प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट शब्दांत आहे. या कायद्याचे कलम १६ शासनाने अनुदान दिलेल्या शाळांपुरतेच नाही, मान्यता दिलेल्या शाळांनाही ते बांधते. म्हणजे तुमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित असली तरी तिला यातून बाहेर राहता येत नाही. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर योग्य उपाय योजणे आणि मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे ही त्या कलमातली कर्तव्ये आहेत. म्हणजे जे काम कायद्याने शाळेने आपणहून करायचे, त्याचीच जबाबदारी नाकारणारा कागद तुमच्यापुढे सहीसाठी ठेवला गेला आहे.

दुसरा आधार शिक्षण हक्क कायद्याचा, म्हणजे २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचा. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, अर्थात आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेण्याची व नापास झाल्यास त्याच वर्गात बसवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती वापरलीही आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी हा प्रश्न तुमच्यासमोर येईल. पण त्याच वर्गात बसवणे वेगळे आणि शाळेबाहेर काढणे वेगळे, दुसऱ्याला आजही मनाई आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. तशा शाळेत मूल असलेल्या वाचकांनी दिव्यांग हक्क कायद्याचाच आधार घ्यावा.)

शाळांना हे ठाऊक असते. म्हणूनच अशा प्रसंगी ‘आम्ही काढतो’ असे कोणी लिहून देत नाही; ‘तुम्हीच अर्ज करा, दाखला लगेच देतो’ असे गोड शब्दांत सुचवले जाते. अर्जावर ‘घरगुती कारणास्तव’ असे दोन शब्द लिहून तुमची सही झाली की मूल स्वेच्छेने गेले असे कागदोपत्री ठरते. तेव्हा शाळा बदलायचे मनात असले तरी आज तो अर्ज करू नका, आणि हमीपत्रावरही सही करू नका. ‘मला याची प्रत द्या, घरी वाचून लेखी उत्तर देते’ एवढे शांतपणे म्हणा. ती प्रत मिळाली नाही, तर त्यावरूनही पुष्कळ काही समजते.

आता तपासणीविषयी. दाखला घ्यायचा की नाही याचा निर्णय आज होणार नसेल तर तो राहू द्या, पण तपासणी लांबवू नका, कारण त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आधी डोळे आणि कान तपासावे लागतात. चष्म्याच्या नंबरामुळे वाचन अडलेले मूलही मी पाहिले आहे. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून बुद्धिमापन व वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मुलगा ज्या भाषेत प्रथम वाचायला शिकला त्या भाषेत चाचणी झाली पाहिजे. मराठीतील काना-मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांच्या अडचणी इंग्रजी चाचणीत दिसतच नाहीत, आणि नवख्या इंग्रजीतल्या चुका कधीकधी अक्षमता म्हणून मोजल्या जातात. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला आहे आणि तो मराठीतही आहे, याची मानसशास्त्रज्ञांना आठवण करून द्यायला संकोचू नका. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का हेही विचारून घ्या. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

अध्ययन अक्षमतेचा सरकारी दाखला वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतो, म्हणजे तुमचा मुलगा त्या वयात आला आहे. अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, रुग्णालय निवडायचे आणि बोलावणे आले की मुलाला घेऊन जायचे, अशी रीत आहे; २०२१ च्या जूनपासून हे दाखले त्याच मार्गाने मिळतात आणि त्यासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, येते. जिल्ह्यात सगळे तज्ज्ञ एका ठिकाणी नसले तर मोठ्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे लागते, आणि खेपा एकाहून अधिक होतात. शाळेच्या वह्या, उत्तरपत्रिका आणि गुणपत्रिका सोबत न्या. मुलाला ‘डॉक्टरकडे सुई टोचायला नेत नाही, तू कसा वाचतोस ते समजून घ्यायला नेते’ असे आधी सांगा, नाही तर भेदरलेल्या मुलाचे निकाल खरे येत नाहीत.

दाखल्यावरच्या टक्केवारीचा अर्थ पालकांना क्वचितच नीट सांगितला जातो. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर कायद्याच्या भाषेत ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ठरते. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, मोफत पुस्तके व साहित्य, शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के आरक्षण हे लाभ त्या पायरीवर सुरू होतात. मात्र मोफत शिक्षणाची ही जबाबदारी कायद्याने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, म्हणून तिच्या भरवशावर खासगी शाळेची फी थांबवू नका. तुमची बाजू विनाकारण कमकुवत होईल. आणि टक्के चाळीसच्या खाली आले तर? तर ‘तुम्हाला काहीच लागू नाही’ असे तुम्हाला सांगितले जाईल आणि ते चुकीचे असेल. वाजवी सोयीचा हक्क टक्क्यांशी बांधलेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच सांगितले, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया (लेखनातील अक्षमता) असलेल्या आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत ज्यादा वेळ नाकारल्या गेलेल्या एका मुलीची बाजूही न्यायालयाने उचलून धरली.

तुमच्या यजमानांविषयी तुम्ही थोड्या रागाने लिहिले आहे, आणि तो राग मला समजतो. पण त्यांचे ते वाक्य तुम्ही विरोध म्हणून ऐकले, मला ते वेगळे ऐकू आले. वाचनाची ही अडचण पुष्कळदा घराण्यात उतरते. ‘मलाही चौथीपर्यंत वाचता येत नव्हते’ असे म्हणणाऱ्या माणसाने कदाचित त्या चार वर्षांत छड्या खाल्ल्या असतील, बाकावर उभा राहिला असेल, ‘ढ’ हा शब्द स्वतःच्या नावासारखा ऐकला असेल, आणि आता मुलाच्या अक्षमतेला नाव दिले तर ते नाव आपल्यालाही चिकटेल अशी भीती त्यांना वाटत असेल. मी काही त्यांना भेटलेले नाही, त्यामुळे हा अंदाजच आहे. तरी एखाद्या संध्याकाळी, मुलगा जवळ नसताना, दाखल्याचा विषय न काढता एवढेच विचारून पाहा: ‘तेव्हा तुम्हाला कसे वाटायचे? कोणी मदत केली असती तर काय हवे होते?’ त्यांच्या उत्तरातच तुमच्या मुलाला काय हवे ते सापडण्याची शक्यता आहे. ‘आपोआप आले’ हे खरेही असेल, पण त्या ‘आपोआप’ची किंमत त्यांनी एकट्याने मोजली, आणि मुलाने ती मोजावी असे त्यांनाही वाटत नसणार.

सासूबाईंना ‘शिक्का बसेल’ ही काळजी आहे. त्यांना हे सांगा की तो दाखला तुमच्या कपाटात राहतो, मुलाच्या गळ्यात नाही. कुठे दाखवायचा आणि कुठे नाही हे तुम्ही ठरवता, आणि अठरानंतर तो स्वतः ठरवील. शिक्का तर आताही बसतच आहे, फक्त तो वर्गात बसतो आहे आणि तो ‘ढ’ असा आहे.

शॅडो टीचरच्या मागणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. कायद्यात हा शब्द नाही, आणि पालकांनी पगार देऊन माणूस आणल्याशिवाय मूल वर्गात बसणार नाही, अशी अट घालणे दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ च्या हेतूशी जुळत नाही. काही मुलांना, विशेषतः स्वमग्नतेची किंवा बहुविकलांगतेची अडचण तीव्र असेल तर, वर्गात सोबतीच्या माणसाची खरी गरज असते. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलाला ती दिसत नाही. दिवसभर शेजारी कोणी बसले तर तो त्या बाईंच्या वहीतून उतरवायला शिकेल आणि मधल्या सुट्टीत एकटा पडेल. त्याला हवे आहे ते आठवड्यातून काही तास, पद्धतशीर, ध्वनी-अक्षर जोडीपासून सुरू होणारे उपचारात्मक अध्यापन. सर्वसाधारण शाळांतील दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये ती पदे मंजूर करून भरण्याबद्दल राज्यांना पुन्हा बजावले. प्रत्यक्षात पदे किती भरली जातात हे तुम्ही आपल्या तालुक्यात पाहतच आहात. तरी शाळेशी बोलताना ‘एका मुलामागे एक पगारी बाई’ याऐवजी ‘शाळेतील अशा सर्व मुलांसाठी मिळून एक विशेष शिक्षक’ असा विषय काढा. तुमच्याच शाळेत आणखी पाच-सहा आया हाच प्रश्न उराशी धरून गप्प बसलेल्या असतील, त्यांना शोधा.

नणंदेचे म्हणणे तिच्या देशापुरते बरोबर आहे. अमेरिकेत १९७५ पासून असा कायदा आहे. तिथे सरकारी शाळेने स्वखर्चाने तपासणी करायची, पालकांना सोबत बसवून वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहायचा आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा असतो. आपल्याकडे त्या स्वरूपाचा बंधनकारक कागद नाही, त्यामुळे मुख्याध्यापकांसमोर ‘आयईपी द्या’ म्हणून हटून बसलात तर ते हसून नाही म्हणतील. पण आपल्या कायद्यात मुलागणिक आधार, वाजवी सोय आणि प्रगतीचा पाठपुरावा हे शब्द आहेतच. तेव्हा नाव सोडा, मजकूर मागा.

तो मागायचा कसा, तर लेखी. साधा अर्ज पुरे आहे आणि त्यात कायद्याची धमकी नको. ‘माझ्या मुलास वाचन-लेखनात अडचण असून त्याची तपासणी आम्ही करून घेत आहोत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ व १७ नुसार त्यास पुढील सोयी मिळाव्यात ही विनंती: फळ्यावरील मजकुराची छापील अथवा मोबाइलवर प्रत, सर्व चाचण्यांत ज्यादा वेळ, शुद्धलेखनाचे गुण न कापता आशयास गुण, शक्य त्या विषयांत तोंडी परीक्षा, आणि वर्गासमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती न करणे. दर दोन महिन्यांनी वर्गशिक्षकांसोबत आढावा घेण्यास आम्ही येऊ. आपण घेतलेला निर्णय कृपया लेखी कळवावा.’ एवढेच लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर नोंदणीकृत टपालाने पाठवा. तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी ‘आज आपण असे सांगितलेत, माझ्या समजुतीप्रमाणे ते बरोबर आहे ना’ असा संदेश वर्गशिक्षकांना पाठवून ठेवा. एक मात्र सांभाळा: वर्गशिक्षिकेला या लढ्यात शत्रू करू नका. साठ मुलांच्या वर्गात त्या एकट्या उभ्या असतात आणि तुमच्या मुलाचा दिवस त्यांच्याच हातात असतो.

‘पण तक्रार केली तर राग मुलावर निघेल’ ही भीती तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. ती निराधार नाही आणि मी ती झटकून टाकणार नाही. म्हणूनच आधी विनंती, मग स्मरणपत्र, आणि दोन्हीला उत्तर नसेल तरच पुढची पायरी. पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, असा तो क्रम आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांग हक्क कायद्याखालचे गाऱ्हाणे पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे नेता येते. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुलाला वर्गात टाकून बोलणे, हिणवणे, शिक्षा करणे असे काही घडले, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते, आणि अशा बाबतीत पायऱ्या मोजत बसू नका.

इतके सगळे सांगूनही मी असे म्हणणार नाही की याच शाळेत राहिलेच पाहिजे. हक्क सिद्ध करण्यासाठी मुलाची तीन वर्षे खर्ची घालणे मला मान्य नाही. दोन-तीन महिन्यांत शाळेची वागणूक बदलली नाही, तर गावातील जिल्हा परिषदेची शाळा आणि एखादी अनुदानित शाळा जाऊन पाहा. समग्र शिक्षा अभियानाखाली समावेशित शिक्षणासाठी नेमलेले विशेष शिक्षक तालुक्यात असतात. त्यांच्याकडे शाळा पुष्कळ आणि दिवस थोडे, हे खरे, तरी गटसाधन केंद्रात जाऊन त्यांना भेटाच. ‘त्याच्यासारख्या मुलांची’ विशेष शाळा मात्र या मुलासाठी नाही. बुद्धी शाबूत असून अक्षर अडते आहे अशा मुलाची जागा नेहमीच्या वर्गात आहे. मुक्त विद्यालयाचा मार्ग चांगला आहे, विषय निवडायची मोकळीक देणारा आहे, पण त्याचा विचार नववीच्या सुमारास करा.

सवलतींबाबत थोडा सावधपणा हवा. दहावीच्या परीक्षेत दर तासाला वीस मिनिटे ज्यादा वेळ, लेखनिक, भाषेतील सूट अशा सवलती मिळतात, आणि त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो, हे आठवीपासून लक्षात ठेवा. परंतु चौथीतल्या मुलाला आताच लेखनिक देऊ नका. त्याचा हात आणि डोळा अजून शिकू शकतो, आणि शिकवणे थांबवून केवळ सवलत देणे म्हणजे त्याला लवकर सोडून देणे आहे. दुसरी किंवा तिसरी भाषा सोडण्याचा निर्णयही घाईने नको. आपल्याकडे हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्यामुळे एकीचा सराव दुसरीला उपयोगी पडतो.

ज्यांची मुले अजून शाळेत गेलेली नाहीत अशा वाचकांसाठी एक ओळ: २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालके शिक्षण हक्क कायद्यातील वंचित गटात आली, त्यामुळे खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी त्यांना अर्ज करता येतो. तो प्रवेश पहिल्या पायरीवरच होतो, म्हणून दाखल्याची तयारी आधीच्या वर्षी करावी लागते. अध्ययन अक्षमता इतक्या लहान वयात प्रमाणित होत नाही; ही वाट दृष्टी, श्रवण, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या अडचणी असलेल्या मुलांसाठी आहे.

आणि आता तुमच्या मुलाचा प्रश्न. ‘छे, तू तर हुशार आहेस’ असे घाईने म्हणू नका. त्याला रोज वर्गात वेगळे दिसते आणि तुमचे उत्तर त्याला खोटे वाटेल. त्याला जवळ घेऊन खरे सांगा, की ऐकलेले तुझ्या लक्षात पक्के राहते आणि हिशोब तुला तोंडी येतो, पण अक्षरे तुझ्यासमोर जरा हट्टीपणा करतात. असे पुष्कळ मुलांचे होते, त्याला एक नाव आहे, आणि ती कशी वळवायची हे शिकवणारी माणसे असतात, आपण त्यांच्याकडे जाणार आहोत. बाबांनी त्या वेळी शेजारी बसून ‘माझेही असेच व्हायचे’ एवढे म्हटले तर फार बरे. तोवर परिसर अभ्यासाचा धडा रोज रात्री तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि उत्तरे तोंडी विचारा. आजीची गोष्ट त्याच्या शब्दांत तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याला वाचायला द्या. स्वतःचीच वाक्ये असल्यामुळे तो जोडाक्षरापाशी थबकला तरी पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असेल.

तपासणीचा अहवाल हाती आल्यावर पुन्हा लिहा. त्यातील जे समजणार नाही ते आपण ओळीओळीने पाहू.